‘एकदम ओक्के’ची नोंद लिहायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मराठीत नव्याने रुळलेल्या शब्दप्रयोगांचा एक छोटा कोश करायचा आहे आणि ‘एकदम ओक्के’ची नोंद तुमच्या वाट्याला आली आहे. मंडळात तीन तट पडलेत. एक म्हणतो, जनक सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील, तारीख जून २०२२, विषय संपला. दुसरा म्हणतो, ‘ओके’ मूळचा ग्रीक. तिसऱ्याने ‘झीरो किल्ड’चा फॉरवर्ड आणून दिलाय. आता छापायचं काय?

तिघेही एकाच प्रश्नाचं उत्तर देतायत असं वाटतं, पण तसं नाही. ‘हा प्रयोग आला कुठून’ यात निदान चार प्रश्न आहेत: ‘ओके’ हा शब्द कुठला, त्याचं ‘ओक्के’ आणि ‘ओक्केमध्ये’ कसं झालं, ‘काय झाडी, काय डोंगार’ हा साचा कुठला, आणि ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा कधीची. प्रत्येकाची तारीख वेगळी आणि पुरावाही वेगळ्या जातीचा. नोंद बिघडते ती हे चारही एका तारखेला बांधल्यामुळे. म्हणून मी कच्च्या कागदावर आधी चार रकाने पाडतो आणि मगच शोधाशोध सुरू करतो.

सर्वांत जुना रकाना ‘ओके’चा, आणि सुदैवाने तो बराचसा भरलेला आहे. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये एका थट्टेखोर मजकुरात ‘ओ.के.’ ही अक्षरं येतात आणि लगेच त्यांचा अर्थही दिलेला आहे: ‘ऑल करेक्ट’. ‘ऑल’चं स्पेलिंग मुद्दाम ‘ओ’ने आणि ‘करेक्ट’चं ‘के’ने करायचं, हा त्यातला विनोद. त्या काळात बॉस्टनच्या वर्तमानपत्रांना अशा आद्याक्षरांचं वेडच लागलं होतं. ‘ऑल राइट’साठी ‘ओ.डब्ल्यू.’, ‘नो गो’साठी ‘के.जी.’, सगळी मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगवरून बनवलेली. हे ॲलन वॉकर रीड या अमेरिकन अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून शोधून काढलं आणि १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात लेखमालेतून मांडलं. कोशकार आज हीच व्युत्पत्ती धरतात.

आता ‘झीरो किल्ड’कडे. अमेरिकन यादवी युद्धात ज्या दिवशी कुणी मेलं नाही त्या दिवशी फळ्यावर ‘० के’ लिहीत, अशी ती गोष्ट. युद्ध १८६१ ला सुरू झालं आणि शब्द १८३९ मध्ये छापलेला आहे. एवढ्यावर ती गोष्ट बाद. ग्रीक ‘ओला काला’ म्हणजे ‘सगळं छान’ हे खरं आहे, अर्थही जुळतो, आवाजही जुळतो. पण ग्रीकमधून अमेरिकन इंग्रजीत येतानाच्या वाटेवरचा एकही जुना दाखला पुढे येत नाही, उलट बॉस्टनचा दाखला स्वतःच्या अर्थासकट उभा आहे. ध्वनी आणि अर्थ जुळणं ही सुरुवात असते, पुरावा नव्हे. तसं पाहिलं तर चॉक्टॉ या अमेरिकन आदिवासी भाषेतला ‘ओके’सारखा शब्दही जुळतो, आणि अध्यक्ष वुड्रो विल्सन त्याच समजुतीने वेगळं स्पेलिंग करायचे. राष्ट्राध्यक्षांनी मानलं म्हणून व्युत्पत्ती खरी होत नाही.

एक ढोबळ नियम इथे उपयोगी पडतो. जुना शब्द म्हणजे अमुक शब्दांची आद्याक्षरं, असं कुणी सांगितलं की पहिली प्रतिक्रिया संशयाची असावी. आद्याक्षरांचे शब्द बनवण्याची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली आहे. ‘ओके’ या नियमाला अपवाद आहे, पण तो अपवाद छापील पुराव्याने सिद्ध झालेला आहे. ट्रकच्या मागे दिसणाऱ्या ‘हॉर्न ओके प्लीज’बद्दल ‘महायुद्धात ट्रक रॉकेलवर चालायचे म्हणून ऑन केरोसीन’ आणि ‘टाटांच्या साबणाची जाहिरात’ अशा दोन गोष्टी आपल्याकडे फिरतात. दोन्ही ऐकायला फक्कड, पण त्या ज्या काळातल्या म्हणून सांगतात त्या काळातला ट्रकचा फोटो किंवा छापील ओळ कुणी दाखवत नाही. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला बंदी घातली, हे मात्र नोंदीत घालण्याजोगं आहे, कारण त्याला आदेश आहे.

तुमच्या विषयाला जास्त उपयोगी आहे ती ‘ओके’ची पुढची कथा. ‘ओ.डब्ल्यू.’, ‘के.जी.’ वगैरे भावंडं काही वर्षांत मेली, हाच का जगला? १८४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीमुळे. त्यातले एक उमेदवार, तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन हे किंडरहूक गावचे, म्हणून ‘ओल्ड किंडरहूक’, म्हणजे पुन्हा ‘ओके’. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या समर्थकांनी ‘ओके क्लब’ काढले. विरोधी व्हिग पक्षाने तीच अक्षरं उलटवली: ‘आउट ऑफ कॅश’, ‘आउट ऑफ क्रेडिट’, अर्थात कॅश आणि क्रेडिट दोन्ही ‘के’ने. शिवाय माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना धड लिहिता येत नव्हतं, तेच कागदांवर चुकीच्या स्पेलिंगने ‘ओके’ असा शेरा मारत, अशी अफवाही सोडली. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द मात्र देशभर गेला. जॅक्सनची अफवा तर इतकी पसरली की बॉस्टनचा खरा उगम लोक विसरूनच गेले. पुढे तारयंत्रावर ‘संदेश मिळाला, ठीक’ याची छोटी खूण म्हणून तो बसला आणि मग हलला नाही. एका गटाने कौतुकाने घेतलेला शब्द दुसऱ्या गटाने टोमण्यासाठी उचलला आणि त्या ओढाताणीत तो टिकला, हे लक्षात ठेवा. २०२२ मध्ये हेच मराठीत झालं.

दुसरा रकाना रूपाचा. ‘ओके’चं ‘ओक्के’ शहाजीबापूंनी केलेलं नाही. बोलताना जोर द्यायचा असला की मराठी माणूस व्यंजन दुप्पट करतो: मोठा–मोट्ठा, एवढा–एवढ्ढा, मजा–मज्जा, सगळं–सग्गळं. ‘ओक्के’ त्याच टाकसाळीतलं नाणं आहे. हे रूप त्यांच्या आधीही बोलण्यात होतं, म्हणून नोंदीत ‘यांनी घडवलेला’ असं लिहू नका, ‘यांच्यामुळे गाजलेला’ लिहा. एका शब्दाचा फरक, पण सगळी चूक तिथेच होते.

‘ओक्केमध्ये’ हे त्याहून मजेदार. ‘कसे आहात?’ला आपण ‘मजेत’, ‘खुशीत’, ‘झोकात’ म्हणतो. स्थिती सांगायला नामाला ‘त’ लावायची मराठीची जुनी सवय. मजा–मजेत, थाट–थाटात. पण ‘ओके’ला ‘त’ लावून पाहा. ‘ओकेत’ तोंडात बसत नाही, शिवाय ‘ओकणे’ची आठवण येते ती वेगळीच. म्हणून ‘त’ऐवजी ‘मध्ये’, आणि माणदेशी-सोलापुरी बोलण्यात त्याचं ‘मधी’ किंवा ‘मदी’. म्हणजे ‘ओक्केमदी हाय’ हा अमेरिकन शब्दाला मराठी व्याकरणाचा सदरा घालून दिलेला ‘मजेत आहे’. त्यात ‘एकदम’ फारसी, यक-दम, मूळ अर्थ ‘एका श्वासात’. नोंदीच्या व्युत्पत्तीत हे तिन्ही धागे द्या. दोन ओळी लागतात, पण वाचणाऱ्याला खरी मजा त्यातच येते.

तिसरा रकाना साच्याचा. घटना थोडक्यात: २० जून २०२२ ला विधान परिषदेची निवडणूक झाली, त्याच रात्री शिवसेनेतले एकनाथ शिंदे बंड करून काही आमदारांसह सुरतेला गेले, तिथून सगळे गुवाहाटीच्या हॉटेलात. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी फोनवर झालेलं बोलणं त्याच आठवड्यात बाहेर आलं, आणि त्यातलं ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ नि पाठोपाठचं ‘ओक्के’ एवढाच तुकडा उचलला गेला. संभाषण त्याहून मोठं होतं, पण राहिली ती ही ओळ.

का राहिली? याचं उत्तर व्याकरणात आहे. उद्गारवाचक ‘काय’ला लिंग-वचन नाही. ‘काय झाडी’, ‘काय डोंगार’, ‘काय हाटील’: स्त्रीलिंग, पुल्लिंग, नपुंसकलिंग तिन्ही आली आणि ‘काय’ तसंच राहिलं. म्हणजे मोकळ्या जागी कुठलंही नाम टाकता येतं, बाकी काही बदलावं लागत नाही. ‘काय रस्ता, काय खड्डे, काय धूळ’, ‘काय पेपर, काय प्रश्न, काय निकाल’. ‘काय ती झाडी, काय तो डोंगर’ असंही काही जण लिहितात, पण त्यात दरवेळी ‘ती-तो-ते’ जुळवावं लागतं आणि वेग जातो. वर तीनाची लय, शेवटी दोन अक्षरी ठोका. रिकाम्या जागा भरण्याच्या अशा साच्याला इंग्रजी अभ्यासक २००४ पासून ‘स्नोक्लोन’ म्हणतात. मराठीत ‘साचा’ पुरेसा आहे.

बोलीचा भागही विसरू नका. ‘डोंगार’मधला लांबलेला स्वर आणि ‘हाटील’ यांच्यामुळे ऐकणाऱ्याला माणूस समोर दिसतो. राजकीय धामधुमीत, सगळे वकिली भाषेत बोलत असताना, कुणीतरी गावच्या पारावर बसल्यासारखं बोललं. विनोद झाला तो या विसंगतीचा. पुण्या-मुंबईच्या काहींनी बोलीलाच हसून घेतलं हेही खरं, पण नोंदीत ‘अशुद्ध’, ‘गावंढळ’ असले शेरे घालू नका. ‘बोलीरूप’ म्हणा आणि प्रदेश द्या.

चौथा रकाना घोषणेचा, आणि माझ्या मते प्रयोगाला खरं आयुष्य दिलं ते हिने. १७ ऑगस्ट २०२२ ला पावसाळी अधिवेशन सुरू झालं तेव्हा विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ सुरू केलं. २४ ऑगस्टला तर पायऱ्यांवर दोन्ही बाजूंचे आमदार समोरासमोर येऊन धक्काबुक्की झाली. मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. पक्षांतरासाठी पन्नास कोटी घेतल्याचा हा आरोप होता आणि शिंदे गटाने तो फेटाळला. तुमच्या नोंदीत ‘आरोप’ हा शब्द आलाच पाहिजे. कोशातला अर्थ म्हणजे न्यायनिवाडा नव्हे.

आता कान देऊन पाहा. ‘पन्–नास–खो–के, एक्–दम–ओ–के.’ चार आणि चार. ‘खोके’शी यमक जुळवण्यासाठी दुप्पट झालेला ‘क्क’ पुन्हा एकेरी झाला. म्हणून जूनच्या शाखेत ‘ओक्के’ आणि ऑगस्टच्या शाखेत ‘ओके’ असा भेद छापील मजकुरात बऱ्यापैकी दिसतो. एखादा दाखला कुठल्या शाखेतला आहे हे ठरवायला हा ‘क’ उपयोगी पडतो. सगळीकडे नाही, कारण वार्ताहर दोन्ही मिसळतात, पण मदत होते. त्या वर्षी पोळ्याला बैलांच्या पाठीवरसुद्धा ही घोषणा रंगवलेली दिसली. घोषणा मोर्च्यातून निघून बैलाच्या पाठीवर गेली की ती फक्त पक्षाची राहिलेली नसते.

इथवरचं आवरून सांगायचं तर: शब्द १८३९, रूप मराठी बोलण्याच्या सवयीतून, साचा जून २०२२, घोषणा ऑगस्ट २०२२. आता शोधाचं काम, ज्यात सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिली अडचण लेखनाची. एकाच ओळीची निदान दहा रूपं शोधावी लागतात: ओके, ओक्के, ओक्केमध्ये, ओक्के मध्ये, ओक्केमधी, ओक्केमदी; डोंगर, डोंगार; हॉटेल, हाटेल, हाटील; ‘५०’ आकड्यात आणि ‘पन्नास’ अक्षरात. शिवाय सगळं रोमन लिपीत पुन्हा एकदा, कारण मीम बनवणारे बऱ्याचदा रोमनमध्ये लिहितात. ‘क्क’ टाइप करताना काही कीबोर्ड मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखीच, पण नेमका शब्द शोधणाऱ्या यंत्राला वेगळी. शंका आली की शब्द तोडून फक्त ‘डोंगार’ किंवा ‘खोके’ शोधा. वर्तमानपत्रांच्या ई-पेपरची पानं पुष्कळदा चित्रं असतात आणि जुन्या पीडीएफमधले फाँट युनिकोड नसतात. तिथे शोधून काही सापडलं नाही याचा अर्थ तिथे नव्हतं असा होत नाही. पानं डोळ्यांनी चाळावी लागतात.

तारखांचे तीन गट करा: १ जानेवारी ते २० जून २०२२, २१ जून ते ३१ जुलै, १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर. पहिला गट कंटाळवाणा आहे आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. क्लिपच्या आधी ‘एकदम ओके’, ‘ओक्के’ कुठे, कुणाच्या तोंडी, कशा अर्थाने येतं हे तिथेच कळतं. हा गट गाळला की ‘मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं म्हणजे ते तेव्हाच जन्मलं’ या भ्रमात आपण सापडतो.

पानावरची तारीख डोळे झाकून घेऊ नका. बातमी नंतर सुधारली की काही संकेतस्थळं नवी तारीख दाखवतात. व्हिडिओचं शीर्षक नंतर बदलता येतं, अपलोडची तारीख तीच राहते. म्हणजे २०२१ च्या व्हिडिओवर २०२२ चं शीर्षक सापडू शकतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या ध्वनिफितीची तारीख ही ती तुमच्यापर्यंत पोचल्याची तारीख असते. रीलमध्ये ‘मूळ आवाज’ म्हणून जो दिसतो तो त्या फाइलचा पहिला अपलोड करणारा. त्याच्या आधी तोच आवाज दुसऱ्या फाइलने शंभरदा चढलेला असू शकतो.

‘इतके लाख निकाल’ हा सर्च इंजिनचा आकडा नोंदीत छापू नका. तो अंदाज असतो आणि दुसऱ्या दिवशी बदलतो. गूगल ट्रेंड्सचा आलेख वापरायचा तर त्यावरचे ० ते १०० हे शोधांची संख्या नसून त्या कालावधीतल्या सर्वोच्च बिंदूच्या तुलनेतलं प्रमाण आहे, हे खाली लिहा. देवनागरी आणि रोमन यांचे आलेख वेगळे घ्या.

मूळ वाक्य उतरवताना बातमीवर विसंबू नका. कुणी ‘हाटील’चं ‘हॉटेल’ करतं, कुणी ‘समदं’ घालतं, कुणी ‘एकदम’. संगीत न लावलेली, सगळ्यात लांब ध्वनिफीत घ्या, दोघांनी स्वतंत्रपणे ऐकून लिहा, मग ताडून पाहा. जिथे जुळत नाही तिथे दोन्ही पाठ द्या. छापील रूपांची यादी त्याखाली वेगळी.

प्रत्येक दाखल्याला एक कार्ड: तारीख, ठिकाण, माध्यम, बोलणारा आमदार की जाहिरात की गल्लीतला पोरगा, पूर्ण वाक्य, आणि अर्थ. वाक्य पूर्ण हवं, कारण अर्थ त्यातूनच ठरतो. ‘पाणी नाही, लाइट नाही, एकदम ओक्के’ आणि ‘जेवण एकदम ओक्के’ यांत शब्द तेच, अर्थ उलटा. एखादा अर्थ वेगळा क्रमांक देऊन नोंदवायचा तर मी एकमेकांवर न बेतलेले निदान तीन दाखले मागतो. एकाच वृत्तसंस्थेची बातमी पाच ठिकाणी छापली तर तो एकच दाखला. खासगी माणसाची पोस्ट असेल तर नाव गाळा, तारीख ठेवा. पानाची प्रत जपून ठेवा, कारण मीमची पानं फार लवकर नाहीशी होतात.

काही गोष्टी तुमच्या कोशाच्या आकारावर अवलंबून आहेत. एका नोंदीला चाळीस शब्दच असतील तर ‘ओके’चा अमेरिकन इतिहास एका वाक्यात उरका, बॉस्टन आणि १८३९ एवढं पुरे. दीडशे शब्द असतील तर घोषणेची शाखा वेगळी द्या. संपादक राजकारणाला बिचकत असतील तर नावं गाळण्यापेक्षा विशेषणं गाळा. नाव, मतदारसंघ, महिना हे सार्वजनिक आहे.

साधारण अशी नोंद मी लिहीन:

‘ओक्के, ओक्केमध्ये (बोलीरूपे ओक्केमधी, ओक्केमदी). अविकारी विशेषण व क्रियाविशेषण, अनौपचारिक. बहुधा “एकदम”सह. १. उत्तम, सुस्थितीत. २. (उपरोधाने) परिस्थिती वाईट असताना “सगळे छान” असे म्हणणे. ३. (घोषणेत, “ओके” या रूपात) पैशाच्या मोबदल्यात पक्षांतर केल्याचा आरोप सुचवणारा प्रयोग. व्युत्पत्ती: इंग्रजी ओके (बॉस्टन, १८३९), जोरासाठी व्यंजनद्वित्व; “मजेत”च्या धर्तीवर “मध्ये”; “एकदम” फारसी यक-दम. सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांच्या गुवाहाटीतील दूरध्वनी संभाषणामुळे जून २०२२ पासून सर्वत्र प्रचलित. ऑगस्ट २०२२ पासून विधानभवनातील घोषणेमुळे अर्थ ३.’

छापताना एक बघा: ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय आहे, त्यामुळे मथळ्यात ‘ओक्केमध्ये’ जोडूनच हवं. मुद्रितशोधकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने एक ‘क’ खाऊन ‘ओकेमध्ये’ करून ठेवील आणि दोन शाखांचा भेद तिथेच पुसला जाईल.